एका मोठ्या संख्येचा कैवार

कोल्हापूरकरांस संख्यांचे प्रेम नाही, असा आरोप करण्यास कोणी धजणार नाही. एम. एच. ०९ ही अक्षरे मिरविणारे नवे वाहन दारात यावयाचे ठरले, की त्याच्या पाठीवर कोणता क्रमांक असावा याविषयी घराघरांत जी खलबते होतात, तितकी कित्येक घरांत मुलीच्या स्थळाविषयीही होत नसतील. इंग्रजी चार आणि एक हे आकडे असे काही वळवून रंगवावयाचे, की चार-एक-चार-एक यांचे ‘दादा’ व्हावेत आणि दोन-एक-चार यांचा ‘राम’. ही कला आमच्या रंगाऱ्यांच्या हातची मळ आहे. पसंतीच्या क्रमांकासाठी परिवहन कचेरीत निमूटपणे शुल्क भरणारे, आणि तो दुसऱ्याने पटकाविला म्हणून आठ दिवस अन्न गोड न लागणारे गृहस्थ आमच्या नित्य परिचयाचे आहेत. असे असता याच नगरीत गतवर्षी एका निरपराध संख्येचा चारचौघांत पाणउतारा झाला, आणि तिच्या बाजूने एकही शब्द कोणी उच्चारला नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. आम्हीही तेथे होतो व गप्प बसलो. तेव्हा हा लेख म्हणजे काही अंशी आमचेच प्रायश्चित्त आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ती संख्या अशी : १२३४५६५४३२१. मराठीत वाचावयाची तर बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. एका शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात इयत्ता नववीत शिकणाऱ्या एका मुलीने ही संख्या मोठ्या पुठ्ठ्यावर लिहिली होती, आणि तिच्याखाली, एखाद्या उपवर मुलीची माहिती लिहावी त्याप्रमाणे, तिचे कुळशील मांडले होते : ही कोणत्या संख्येचा वर्ग, हिचे अवयव कोणते, विभाजक किती, अंकांची बेरीज काय, कोणत्या जातीत ही बसते व कोणत्या जातीने हिला दाराबाहेर ठेविले आहे. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ वयाने व अधिकाराने मोठे. सारी हयात गणित शिकविण्यात गेलेली. पुठ्ठ्यासमोर ते अर्धा मिनिट उभे राहिले आणि म्हणाले, “बाळ, यात गणित कोठे आहे? हा आकड्यांचा पोरखेळ झाला. याचा उपयोग काय?” पारितोषिक राधानगरीच्या धरणाच्या प्रतिकृतीस मिळाले. धरणाविषयी आमची तक्रार नाही. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे ते फळ असून त्याच्या पाण्यावर हा जिल्हा पोसला आहे. तक्रार आहे ती त्या अर्ध्या मिनिटाविषयी.

त्या मुलीच्या नशिबी आणखी दोन अभिप्राय होते. पालकांपैकी एका बाईंनी अंकांची बेरीज छत्तीस, म्हणजे पुन्हा नऊ, हे पाहून “अगबाई, नऊ म्हणजे मंगळ! ही संख्या घरात लावू नकोस हो,” असा मायेचा सल्ला दिला. ज्या संख्येस नवाने भाग जातो तिच्या अंकांची बेरीज अखेर नवावरच येऊन थांबते, हे चौथीच्या मुलास ठाऊक असावयाचे. दर नऊ संख्यांमागे एक संख्या अशी मंगळाची निघते, आणि वाण्याच्या बिलापासून विजेच्या बिलापर्यंत तिचा संचार सर्वत्र चालू असतो. या शास्त्रास याहून अधिक जागा देण्याची आमची इच्छा नाही. दुसरा अभिप्राय अधिक भारदस्त होता. “हे सारे आपल्या वेदांत पूर्वीच आहे,” असे एक सद्‍गृहस्थ म्हणाले, आणि समाधानाने पुढच्या टेबलाकडे वळले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या ग्रंथाच्या बळावर हे वाक्य आता सर्वत्र ऐकू येते, त्यातील सूत्रे अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत आढळत नाहीत, हे जाणत्यांनी अनेकवार दाखविले आहे. पण आम्हांस राग येतो तो वेगळ्याच कारणाने. पूर्वजांची थोरवी गाण्याची ज्यांस एवढी हौस, त्यांनी पूर्वजांचे खरेखुरे पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट कधी घेऊ नयेत काय?

कारण ही संख्या खरोखरच एका पूर्वजाच्या ग्रंथात आहे. वेदांत नव्हे, एका जैन गणितज्ञाच्या ग्रंथात. महावीराचार्यांनी इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या कारकीर्दीत, ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणे देताना त्यांनी जी फळे निवडली आहेत ती पाहून शुष्क म्हणविणाऱ्या या विषयात रसिकता किती मुरलेली असू शकते हे ध्यानी येते. २७९९४६८१ यांस ४४१ ने गुणावे, म्हणजे १२३४५६५४३२१ मिळतात. १२३४५६७९ यांस ९ ने गुणावे, म्हणजे नऊ एकक ओळीने उभे राहतात. १५२२०७ यांस ७३ ने गुणिले की आठ एकक. १४२८५७१४३ यांस ७ ने गुणिले की दोन टोकांस दोन एकक व मध्ये आठ शून्ये. अशा फळांस ते कंठात घालावयाच्या हारांची उपमा देतात. आपली संख्या तर ते शब्दांत सांगतात : एकापासून सहापर्यंत चढत जाणारी व मग क्रमाने उतरणारी. हाच आचार्य संख्येची चोवीस स्थाने नावांनिशी सांगून महाक्षोभापर्यंत जातो. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ अठराव्या स्थानी, परार्धावर, थांबते.

या ग्रंथाचे मूळ इंग्रजी भाषांतरासह मद्रासेस १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी छापविले. हिंदी भाषांतरासह त्याची आवृत्ती निघाली ती कोठे? आमच्या शेजारी, सोलापुरास, १९६३ साली, जीवराज जैन ग्रंथमालेत. आणि त्या मालेच्या संपादकांपैकी एक कोण? आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे, याच गावच्या रस्त्यांवरून चालणारे. नारळीकर पितापुत्रांपैकी विष्णुपंत १९०८ साली व जयंतराव १९३८ साली येथे जन्मले म्हणून आम्ही छाती फुगवून सांगतो. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आम्ही पाहुण्यांस अभिमानाने दाखवितो. आणि नववीतील मुलगी महावीराचार्यांची संख्या पुठ्ठ्यावर मांडते, तेव्हा तिला ‘वेदांत आहे’ एवढे सांगून चहाकडे वळतो. त्या मुलीने महावीराचार्यांचे नाव ऐकलेही नव्हते. सहा एककांचा वर्ग करून ती आपल्या वाटेने त्याच हारापाशी पोचली होती. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, ४४१ हा २१ चा, आणि ५२९१ व २१ यांचा गुणाकार सहा एकक. साडेअकराशे वर्षांचे अंतर आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी मिळालेल्या.

आता परीक्षक महाशयांकडे वळू. त्यांचा आक्षेप वरील दोघांच्या बोलण्यासारखा हलका नाही, कारण त्यांच्या पाठीशी फार मोठे नाव उभे करता येते. हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली गणितीच्या जीवनाचे समर्थन म्हणून जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्याने अशाच संख्यांची उदाहरणे घेऊन त्यांस बाजूस सारले आहे. चार अंकी संख्यांत ८७१२ व ९८०१ या दोनच अशा, की त्या आपल्याच उलट रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डीच्या मते असली माहिती वृत्तपत्रातील कोड्यांच्या सदरास शोभते. तीत गणितज्ञाने मोहून जावे असे काही नाही, कारण तिच्यातून मोठे सामान्य तत्त्व निघत नाही. रामानुजनास ओळखणारा, त्याच्यासाठी झटलेला हा पुरुष. टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची सुप्रसिद्ध गोष्ट जगास त्यानेच सांगितली. त्याचे म्हणणे झटकून टाकता येत नाही.

तरीही ते सगळे मान्य करता येत नाही. १०८९ म्हणजे ११०० उणे ११. त्याची नऊपट केली की ९९०० उणे ९९, म्हणजेच ९८०१. हे कारण एकदा दिसले की संख्या चार अंकीच हवी असा हट्ट उरत नाही. १०९८९ ची नऊपट ९८९०१ आणि १०९९८९ ची नऊपट ९८९९०१. मध्ये हवे तितके नऊ कोंबावे. २१९७८ ची चौपटही तशीच ८७९१२ येते. सामान्य तत्त्व कितपत मोठे, याविषयी हार्डीशी वाद घालण्याची आमची प्राज्ञा नाही. पण कौतुकाच्या गोष्टीपासून कारणापर्यंत जाणारी वाट येथे आहे, आणि ती शाळकरी मुलाच्या पायांस चालवेल एवढी सपाट आहे, हे निर्विवाद होय. पोरखेळ आणि गणित यांतील सीमारेषा आकड्यांच्या रूपात नसून ‘का?’ या प्रश्नात असते. परीक्षकांनी मुलीस ‘का?’ असे विचारिले असते, तर तिच्यापाशी उत्तर होते. त्यांनी ‘उपयोग काय?’ असे विचारिले.

ते उत्तर वाचकांपुढे मांडतो. ज्यांस आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी एवढा मजकूर ओलांडून पुढे जावे, आम्ही रागावणार नाही. सहा एककांच्या संख्येचे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. म्हणून तिच्या वर्गात हे पाचही अवयव दोन-दोनदा येतात. विभाजक तयार करावयाचा तर प्रत्येक अवयव मुळीच न घेणे, एकदा घेणे किंवा दोनदा घेणे अशा तीन मोकळिका. पाच अवयवांच्या मिळून २४३. हे सर्व विभाजक, खुद्द ती संख्या वगळून, मिळविले तर किती होतात? प्राचीन ग्रीकांनी संख्यांची वर्गवारी याच कसोटीवर केली : बेरीज संख्येएवढी आली तर ती परिपूर्ण, जशी ६ किंवा २८, कमी आली तर उणी, अधिक आली तर वरचढ. विषम संख्या बहुधा उण्या असतात. वरचढ अशी पहिली विषम संख्या ९४५ पर्यंत भेटतच नाही. आमच्या या मुलीने दोन रात्री जागून बेरीज केली ती १३०२९८७०६७२ आली. म्हणजे बारा अब्जांची ही संख्या विषम असूनही वरचढ आहे.

पण खरी मौज पुढेच आहे. ३७ हा अवयव बाजूस ठेवून उरलेल्या चारांचाच विचार केला, तर त्यांचा गुणाकार ३००३ व त्याचा वर्ग ९०१८००९. याच्या विभाजकांची बेरीज ९०१७१९० भरते. नव्वद लाखांच्या व्यवहारात तूट अवघी ८१९! पै-पैचा हिशेब जुळत आला आणि शेवटच्या ओळीत चार आणे कमी पडले, अशी ही अवस्था. मग ३७ आत येतो, आणि पारडे एकदम पलीकडे झुकते. मुलीने पुठ्ठ्यावर येथे तांबड्या शाईने लिहिले होते : “बरोबर का येत नाही?” तिच्या वहीत त्याचे उत्तरही होते, आणि ते इतके सुंदर होते की परीक्षकांनी ते वाचावयास हवे होते. विषम संख्येचे सर्व विभाजक विषम. वर्गसंख्येच्या विभाजकांची गणना नेहमी विषम. विषम संख्या विषम वेळा मिळविल्या तर बेरीज विषमच. परिपूर्ण संख्येत मात्र स्वतःसकट सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, असावी लागते. तेव्हा विषम वर्ग कधीही परिपूर्ण असू शकत नाही. दोन हजार अंकी घ्या की दोन कोटी अंकी. एका संख्येच्या कुळशीलातून निघालेली ही गोष्ट साऱ्या विषम वर्गांस लागू पडली. वर्ग नसलेल्या विषम संख्यांत तरी एखादी परिपूर्ण आहे काय, याचे उत्तर जगातील कोणासही अद्यापि देता आलेले नाही. पोरखेळ म्हणून हिणविलेल्या त्या पुठ्ठ्यापासून गणितातील अतिप्राचीन अशा एका न सुटलेल्या प्रश्नापर्यंत दोन पावलांचे अंतर होते.

पुठ्ठ्याच्या उजव्या बाजूस ज्या जातींची नावे होती ती वाचून आमच्या डोळ्यांपुढे देवळालीचे एक शाळामास्तर उभे राहिले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर डहाणूस १९०५ साली जन्मले, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मुलांस शिकविले. पदवीच्या पलीकडील शिक्षण नाही, विद्यापीठाचा आश्रय नाही. चार अंकी संख्येचे अंक उतरते व चढते मांडून वजाबाकी करीत गेले, की, चारही अंक एकच नसल्यास, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबावे लागते, हा त्यांचा शोध आज जगभर मुले शिकतात; १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला होता. आमच्याकडील कित्येक विद्वान त्यांस हसले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर याने आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा आम्हांस जाग आली. निवृत्तीनंतर तुटपुंजे वेतन पुरेना म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली ते गेले.

त्यांनी संख्यांच्या ज्या जाती सांगितल्या त्यांची नावेही आमच्याच भाषेतून आलेली. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. ६१७४ ही हर्षद आहे, कारण बेरीज १८ आणि भागाकार ३४३, म्हणजे सातांचा घन. हार्डीची १७२९ हीही हर्षद. बेरीज १९, भागाकार ९१, आणि हे दोघे एकमेकांचे आरसे. आमची बारा अब्जांची संख्या मात्र हर्षद नाही. बेरीज छत्तीस पडली आणि ती स्वतः विषम. दुसरी जात स्वयंभूंची. कोणत्याही संख्येत तिचेच अंक मिळविले की नवी संख्या जन्मास येते. जिला असा जनक नाही ती स्वयंभू. मुलीने हा जनक शोधण्याची जी युक्ती केली ती सांगण्याजोगी आहे. संख्येस नवाने भाग जातो. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीजही नवाच्या पटीतच असावयास हवी, आणि अकरा अंकांत ती ९९ हून अधिक होणे नाही. म्हणजे तपासावयाच्या संख्या फक्त अकरा. त्यांतील १२३४५६५४२७६ याच्या अंकांची बेरीज ४५ भरते, आणि तीत ४५ मिळविले की आपली संख्या हाती येते. जनक सापडला, आणि तो एकच आहे. स्वयंभूपद गेले. १, १२१, १२३२१ या मनोऱ्याच्या वंशात मात्र तिचे स्थान अढळ आहे. या संख्यांस कापरेकरांनी डेम्लो हे नाव दिले, ज्या रेल्वे स्थानकावर त्यांस ती कल्पना सुचली त्याचे.

यांपैकी दोन नावांचे पुढे काय झाले, हे ऐकून कोणास खेद होणार नाही? हर्षद संख्यांस परदेशात निवेन संख्या म्हणू लागले, कारण १९७७ साली आयव्हन निवेन याने एका परिषदेत त्यांवर निबंध वाचला. स्वयंभू संख्यांस, ज्यांस देवळाली संख्या असेही म्हणत, कोलंबियाच्या संख्या हे नाव चिकटले. त्यात त्या परकीयांचा दोष आम्ही मानीत नाही. ज्या घरचे लोक आपल्या मुलास नाव घेऊन हाक मारीत नाहीत, त्याचे बारसे शेजारी करितात. आणि या हर्षद संख्यांत खेळण्यापलीकडे काही नाही म्हणावे, तर १९९३ साली कूपर व केनेडी या दोन गणितज्ञांनी सिद्ध केले की ओळीने एकवीस संख्या हर्षद असणे अशक्य आहे. वीस असू शकतात, पण त्यांनी रचून दाखविलेल्या अशा विसांपैकी सर्वांत लहानही इतक्या अवाढव्य, की ती नुसती लिहून काढावयास चव्वेचाळीस अब्जांहून अधिक अंक लागावेत. महाक्षोभ वगैरे तिच्यापुढे धूळ होत.

कापरेकरांच्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची कथा याहून बोधप्रद आहे. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ व २०९ असे तुकडे करून मिळविले की पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तुकडे ४९४ व २०९, बेरीज ७०३. चमत्कार म्हणून टाळी वाजवावी आणि घरी जावे, असे वाटते खरे; परंतु कारण विचारले की पडदा दूर होतो. या अटीचा अर्थ एवढाच निघतो, की संख्या आणि तिच्या अलीकडची संख्या यांच्या गुणाकारास ९९९ ने भाग जावा. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. लागून असलेल्या दोन संख्यांत सामाईक अवयव नसतो. म्हणून २७ सबंध एकीच्या वाट्यास जावयाचे आणि ३७ सबंध कोणा एकीच्या. २९७ ने २७ घेतले, २९६ ने ३७. ७०३ ने ३७ घेतले, ७०२ ने २७. दोन्ही वाटे स्वतःच घेणारी ९९९, आणि काहीच न घेता बसणारी १. हजाराखाली तीन स्थानांच्या या वाटणीत पाचवे कोणी निघूच शकत नाही, हे आता शोधावे लागत नाही, दिसते. जी गोष्ट कोड्याच्या सदरातील भासत होती ती अवयवांच्या वाटणीचा सिद्धांत निघाली. २००० साली आयनुची या गणितज्ञाने तिची पद्धतशीर मांडणी केली. १४२८५७ हीही अशीच संख्या : ९९९९९९ मधील ७ तेवढा शेजारणीला देऊन बाकी सर्व तिने घेतले. आमच्या संख्येचे वर्गमूळ, ते सहा एकक, या पंक्तीत बसत नाही. ९९९९९९ मध्ये ३ हा अवयव तीनदा आहे. यांच्यापाशी तो एकदाच, आणि उरलेले दोन शेजारणीला देता येत नाहीत. एकत्र कुटुंबाचे घर भिंत घालून वाटू पाहणाऱ्यांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

उपयोगाचा प्रश्न आम्ही मुद्दामच मागे ठेविला, कारण त्याचे उत्तर देताना आपण प्रश्नकर्त्याची भूमिका मान्य केली असे होते. तरी सांगतो. परीक्षक महाशयांच्या खिशातील आधार-पत्रावरील बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांची पडताळणी करण्यासाठी व्हेरहूफच्या रीतीने काढलेला असतो. लिहिताना एखादा अंक चुकला किंवा दोन शेजारचे अंक उलटे पडले तर तो चुगली करितो. बँकेच्या पत्रावरील शेवटचा अंकही असाच, निराळ्या रीतीचा, पहारेकरी. अंकांच्या बेरजेत काय आहे, असे विचारणाऱ्यांचे पैसे त्या बेरजेच्या भरवशावर सुरक्षित आहेत. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे किती अवघड, यावर तर १९७७ पासून गुप्त संदेशांची एक अवघी विद्या उभी आहे. तिच्यात वापरल्या जाणाऱ्या सहाशे-सातशे अंकी संख्या आमच्या मुलीच्या संख्येप्रमाणे सुस्वभावी नसतात. त्या आपले अवयव कोणास सांगत नाहीत, आणि त्यांच्या त्या हट्टातच त्यांची किंमत आहे.

एक आक्षेप मात्र आम्ही स्वतःच आमच्यावर घेतो, कारण तो परीक्षकांनी घेतला असता तर आम्ही त्यांस मान दिला असता. हे सारे गुण संख्येचे, की तिच्या लेखनाचे? आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून अंकांची बेरीज छत्तीस. सातांच्या किंवा बारांच्या पायावर मोजणाऱ्या लोकांत तीच संख्या वेगळ्या वेषात फिरेल. हर्षदपण, स्वयंभूपण, ६१७४ चा मोक्ष, हे सर्व दहाच्या पायाचे ऋणी आहे, हे खरे. तिचे अवयव, तिचे २४३ विभाजक, तिचे वरचढपण मात्र कोणत्याही वेषात तिच्यापाशीच राहते. शरीर कोणते व वस्त्र कोणते हा विवेक मुलांस शिकवावयास याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही. आणि येथेही एक आश्चर्य लपलेले आहे. सहा एककांचा वर्ग एकापासून सहापर्यंत चढून उतरतो, हे केवळ दहाच्या पायाचे लेणे नव्हे. सहा एककांच्या ओळी एकेक घर सरकवून एकाखाली एक मांडल्या की कडेच्या स्तंभात एक एकक पडतो, पुढच्यात दोन, मधल्यात सहा, मग पुन्हा उतरंड. हातचा कोठेच येत नाही. म्हणून सातांच्या पायावर घ्या, आठांच्या घ्या की शंभरांच्या, सहा एककांचा वर्ग लिहिताना १२३४५६५४३२१ हेच अंक उमटतात. ते अंक दाखवितात ती संख्या प्रत्येक पायावर निराळी, पण हार तोच. महावीराचार्यांनी निवडलेला अलंकार कोणाही मोजणाऱ्याच्या कंठात बसतो.

हातचा आला की हार तुटतो, हेही त्या पुठ्ठ्यावर होते. नऊ एककांपर्यंत चढउतार सुरळीत चालतो. दहा एककांचा वर्ग केला की १२३४५६७९००९८७६५४३२१ येतात. आठ नाहीसा होतो आणि शिखरावर दोन शून्ये बसतात, कारण मधल्या स्तंभात दहा पडले व त्यांना एका घरात मावता आले नाही. मुलीने हे आकडे पुठ्ठ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात लिहिले होते, जागा उरली नव्हती म्हणून.

मागच्या महिन्यात आम्ही तिच्या घरी गेलो होतो. पुठ्ठा कपाटामागे उभा करून ठेविला आहे. तो बाहेर ओढून पाहिला तेव्हा त्या कोपऱ्यातील आकड्यांखाली पेन्सिलीने केलेली नवी आकडेमोड दिसली. तिने डझनाचा, म्हणजे बारांचा, पाया घेतला आहे. दहा या अंकासाठी ‘द’ हे अक्षर योजिले आहे, अकरासाठी ‘अ’, आणि दहा एककांचा वर्ग पुन्हा केला आहे. उत्तर असे आले आहे : १२३४५६७८९द९८७६५४३२१.